अटी सैल करू नका

श्रीगुरुदेव सेवा मंडळानं आपल्या अटी आता सैल कराव्यात, असं मत आमच्या बल्लारपूर-चंद्रपूरकडे हल्ली मोकळेपणानं मांडलं जातं. मांडणारे मंडळाचे वैरी नाहीत. त्यांतल्या अनेकांच्या घरी ग्रामगीता आहे, आजोबांची भगवी टोपी जपून ठेवलेली आहे, तेरवीला अजून मंडळाचे लोक येऊन प्रार्थना म्हणतात. त्यांचं म्हणणं असं : रोज पहाटे ध्यान आणि रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आता कुणाला जमणार? जिल्ह्याची दारूबंदी सरकारनंच उठवली, मग मंडळानं निर्व्यसनीपणावर अडून का बसावं? ज्यांच्या देवकार्यात मोहाची दारू लागते त्या गोंड-माडिया माणसांना हा नियम परका नाही का? तरुण फिरकत नाहीत, सेवाधिकारी म्हातारे झाले. तेव्हा जो येईल त्याला सभासद करा, भजनाला बसवा, वर्षातून एकदा तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी थाटात करा आणि बाकीचं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडा.

यातला एकेक मुद्दा मनापासून आलेला आहे, आणि त्यातल्या एक-दोन मुद्द्यांमध्ये तथ्यही आहे. पण सगळे मिळून जो निष्कर्ष काढला जातो तो मंडळाला संपवणारा आहे. मंडळाची ताकद जमिनीत, कारखान्यात किंवा सत्तेत नाही. अटी पाळणारी माणसं एवढंच त्याचं भांडवल आहे. ते वाटून टाकलं की उरेल ती खंजिरी, आणि खंजिरी वाजवायला मंडळ लागत नाही.

आधी या अटी आहेत तरी काय ते पाहू, कारण विरोधात बोलताना त्यांचं वर्णन फार कडक केलं जातं. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला आणि १९४३ च्या सुमारास गावोगावच्या उपासकांना श्रीगुरुदेव सेवा मंडळ या नावाखाली बांधलं. मंडळात यायला जात सांगावी लागत नाही. कुणी कानात मंत्र फुंकत नाही. गुप्त खुणा नाहीत. इंग्रजांनी या देशात फ्रीमेसनांच्या लॉज आणल्या, तिथं जुन्या सभासदांची शिफारस लागायची, नव्या माणसावर गुप्त मतदान व्हायचं, वर्गणी जड असायची आणि बाईला दार बंद असायचं. मंडळात यातलं काहीही नाही. मंडळ मागतं ते असं : पहाटे उठून ध्यान, संध्याकाळी सर्वांसोबत रांगेत बसून प्रार्थना, दारू-जुगारापासून दूर राहणं, गावच्या सफाईला आणि श्रमदानाला हात लावणं, शिवाशिव न पाळणं, कुठल्याही धर्माला कमी न लेखणं. गुरुकुंजातल्या प्रार्थना मंदिरात कुण्या एका देवाची मूर्ती नाही, तिथं अधिष्ठान आहे, म्हणजे ज्याला ज्या रूपात देव दिसतो त्यानं त्या रूपात पाहावा. प्रार्थनेत पाटलाला वेगळी जागा नाही. सगळे एका सतरंजीवर.

या अटींची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या पैशानं विकत घेता येत नाहीत. भूमिहीन मजूर त्या पाळू शकतो. लाखो रुपयांची देणगी देणारा ठेकेदार स्वतः उठून बसल्याशिवाय त्या पाळू शकत नाही. आपल्या समाजात जवळजवळ प्रत्येक मान जन्मानं, जमिनीनं किंवा पैशानं मिळतो. मंडळानं मान मिळवण्याची एक वाट अशी ठेवली की जिथं गरीब माणूस श्रीमंताच्या बरोबरीनं, किंबहुना एक पाऊल पुढं असू शकतो. अटी काढून टाका म्हणणारे म्हणतात की त्यामुळं मंडळ सर्वांचं होईल. मला उलटं दिसतं. आचरणाची अट गेली की मान ठरवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे देणगीची पावती, नाहीतर राजकारण्याशी असलेली ओळख.

बल्लारपूरसारख्या गावात तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाचं हे ठाणं. पुढं राजधानी चंद्रपूरला हलली, वर्धेच्या काठावर किल्ला राहिला. आजचं बल्लारपूर मात्र कोळशानं, रेल्वेनं, सागवानाच्या डेपोनं आणि १९४५ साली स्थापन झालेल्या कागद कंपनीनं घडवलं. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांनी घडवलं. इथल्या एका गल्लीत तेलुगू, हिंदी, गोंडी आणि वऱ्हाडी वळणाची मराठी ऐकू येते. शेजारी कुठल्या गावचा, कुणाचा कोण, हे माहीत नसतं. कायम कामगार वेगळा, ठेकेदाराचा कामगार वेगळा, दोघांच्या पगारात अंतर आणि मनातही अंतर. खेड्यात माणसाला त्याच्या खानदानावरून ओळखतात, इथं ते चालत नाही. अशा गावात अनोळखी माणसावर विसंबायचं कशाच्या आधारावर? तो रोज आपल्या शेजारी रांगेत बसतो, पिऊन येत नाही, झाडू हातात घ्यायला लाजत नाही, एवढ्याच आधारावर. महाराजांनी मराठीइतकंच हिंदीतही विपुल लिहिलं, म्हणून तेलंगणातून आलेल्या कामगारालाही या रांगेत परकं वाटायचं कारण नव्हतं. भाषा, जात, गाव यांतलं काहीच सामाईक नसलेल्या माणसांना सामाईक असं काहीतरी या अटींनी दिलं.

अटी घालणं, शपथ घेणं, नियमानं बांधून घेणं हे सगळं जुनाट आहे, आधुनिक माणूस बंधनं तोडतो, असा एक सूर या चर्चेत असतो. चंद्रपूर जिल्ह्यात राहून हे बोलणाऱ्यांना मी १६ ऑक्टोबर १९५६ ची आठवण देईन. नागपूरला १४ ऑक्टोबरला धम्मदीक्षा झाली आणि दोन दिवसांनी बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला येऊन इथल्या लोकांना दीक्षा दिली. बाबासाहेबांइतका आधुनिक विचारांचा दुसरा माणूस त्या काळी या देशात शोधून सापडला नसता. त्यांनी लोकांना काय दिलं? बावीस प्रतिज्ञा. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, खोटं न बोलण्याची आहे, चोरी न करण्याची आहे. तुम्हाला जमतील तेवढ्या घ्या, असं ते म्हणाले नाहीत. ज्याला हजारो वर्षं माणूस म्हणून मोजलं गेलं नाही, त्याला स्वतःवर ताबा मिळवण्याचा, स्वतःचा शब्द स्वतः देण्याचा अधिकार प्रतिज्ञेनं मिळतो, हे त्यांना नीट कळलं होतं. तुकडोजी महाराज आणि बाबासाहेब यांच्या वाटा निराळ्या होत्या, धर्माविषयीचे विचार निराळे होते, आणि त्यांची सरमिसळ मला करायची नाही. पण खालच्या थरातल्या माणसाला उभं करायचं तर त्याच्याकडून काहीतरी मागावं लागतं, त्याच्यावर तेवढा भरवसा टाकावा लागतो, हे दोघांनीही ओळखलं होतं. ज्याच्याकडून काहीच मागितलं जात नाही त्याला आपण मनातल्या मनात लहान समजत असतो.

आता दारूचा मुद्दा, कारण खरा वाद तिथंच आहे. बाकीच्या अटींवर कुणी एवढा वेळ घालवत नाही.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरला ती मिळवण्यासाठी बायांना फार चालावं लागलं, अगदी शब्दशः. डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गार या संघटनेच्या नेतृत्वाखाली हजारो बाया चिमूरहून पायी नागपूरला विधानसभेवर गेल्या. ग्रामपंचायतींनी ठराव केले, समिती नेमली गेली, आणि अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी आली. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळानं ती उठवली आणि त्या पावसाळ्यात दुकानं पुन्हा उघडली. बंदीच्या काळात वर्धा नदीपलीकडून, यवतमाळच्या बाजूनं, तेलंगणातून, रेल्वेनं दारू येत राहिली, हे बल्लारपुरात कुणाला सांगायला नको. बंदीचा कायदा नीट राबवला गेला नाही. तो का राबवला गेला नाही याचा हिशेब सरकारनं द्यायचा आहे.

पण यावरून मंडळानं आपली अट सोडावी हे कसं निघतं? कायद्याची बंदी आणि मंडळाची अट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कायदा सगळ्यांवर असतो, ज्यांना नको त्यांच्यावरही, आणि तो पाळून घ्यायला पोलीस लागतो. पोलीस विकला गेला की कायदा विकला जातो. मंडळाची अट फक्त त्याच्यावर आहे जो आपण होऊन मंडळात येतो, आणि ती पाळून घ्यायला त्याच्या शेजारी बसणारी माणसं असतात. तिला हप्ता देता येत नाही. कायद्याची बंदी फसली याचा अर्थ असा की माणसाला दारूपासून लांब ठेवण्याचं काम वरून हुकूम काढून होत नाही, ते माणसांच्या छोट्या गटांनाच करावं लागतं. म्हणजे २०२१ नंतर मंडळाच्या अटीची गरज वाढली. दुकान बंद होतं तेव्हा निर्व्यसनी राहणं सोपं होतं. आता दुकान पगाराच्या वाटेवर आहे. ज्या दिवशी दुकान उघडलं त्याच दिवशी मंडळानंही दार ढिलं केलं असतं, तर पगाराच्या दिवशी घरी वाट बघणाऱ्या बाईनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं होतं?

यावर एक उत्तर येतं, आणि ते मी हलक्यानं घेत नाही. जो पितो त्यालाच तर मंडळाची गरज आहे, अट घालून तुम्ही नेमका त्यालाच बाहेर ठेवता, असं ते उत्तर आहे. हे खरं ठरलं असतं, जर प्रार्थनेला बसायला अट असती तर. प्रार्थना उघड्यावर होते, चौकात होते, तिथं येऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही. पिणाऱ्यानं यावं, मागच्या रांगेत बसावं, रोज यावं. त्याला विचारणारे, टोमणे मारणारे सेवक असतील तर चूक त्यांची आहे आणि ती सुधारलीच पाहिजे. पण प्रार्थनेत बसणं वेगळं आणि मंडळाचा सेवक म्हणवणं वेगळं. दुसरी गोष्ट मिळवायची असते. ज्या वर्षी गुरुकुंज उभं राहिलं त्याच १९३५ साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारुड्यांनी दारुड्यांसाठी चालवलेली संघटना सुरू झाली. आज ती जगभर आहे, महाराष्ट्रातही तिच्या बैठका भरतात. तिची सभासदत्वाची अट एकच आहे : दारू सोडण्याची इच्छा. एवढी दयाळू संघटना, जिथं घसरलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा जवळ घेतात, पण त्या एका अटीवर तिनं कधी पाणी सोडलं नाही. कारण पिऊन ठीक आहे असं म्हणणाऱ्यांची एक रांग जरी त्या खोलीत बसली, तरी सोडू पाहणाऱ्याचा पाय तिथंच घसरेल. मंडळानं त्यांच्याकडून शिकायचं तर हे शिकावं की घसरलेल्याला कसं सांभाळायचं. अट कशी काढायची हे त्यांच्याकडून शिकता येणार नाही.

आदिवासींचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, आणि तो मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. गोंडांच्या पेनपूजेत, म्हणजे देवपूजेत, मोहाच्या दारूचे थेंब जमिनीला वाहिले जातात. जन्म, लग्न, मरण, सगळ्यांत मोह आहे. मोहाचं झाड इथल्या जंगलात माणसाचं घरचं झाड आहे, त्याच्या फुलांवर उन्हाळ्यातले दिवस निघतात. अशा समाजात बाहेरून आलेला माणूस दारू वाईट म्हणून सांगू लागला तर त्या सांगण्यात तुमचे देवही वाईट असा अर्थ मिसळलेला असू शकतो, आणि अनेकदा तो असतोही. मंडळाच्या कुणी प्रचारकानं असं केलं असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही.

पण या मुद्द्यात आदिवासी माणसाबद्दल एक गृहीतक लपलेलं आहे, की त्याची संस्कृती म्हणजे मोकाट पिणं आणि बंधन नसणं. हे धादांत खोटं आहे. घोटुलाचंच, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या सामाईक घराचंच बघा. शहरात बसून घोटुलाविषयी चवीनं बोलणाऱ्यांनी त्याला स्वैराचाराचं घर करून टाकलं. व्हेरियर एल्विननं १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात काय दिसतं? प्रत्येक मुलानं रोज सरपण आणायचं, नाही आणलं तर दंड. अंगण झाडायचं, गावात लग्न असो की मौत, काम करायचं, मोठ्यांचा मान ठेवायचा, आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही. मुलांनाच कारभारी नेमलेलं, नावं आणि पदं दिलेली, आणि कारभाऱ्याचा शब्द मोडला तर शिक्षा. भामरागडकडच्या माडियांचं गोटुल मुरियांच्या घोटुलापेक्षा वेगळं आहे, पण तिथंही गोटुल हे गावाचं काम शिकण्याचं, बैठकीचं, रेला नाचण्याचं ठिकाण आहे आणि तिथं यायचं तर गोटुलाच्या शिस्तीत यावं लागतं. सभासद होणं म्हणजे जबाबदारी घेणं, हे या जंगलाला मोझरीहून कुणी शिकवलेलं नाही. त्याला ते आधीपासून ठाऊक आहे.

आणि दारूविषयी म्हणाल, तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव डोळ्यांपुढं ठेवावा. या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. त्यासाठी गावानं वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं घेतला. पण जंगलाच्या हक्काआधी गावानं दारूचा प्रश्न हाती घेतला होता, आणि त्यासाठी बायांनी आग्रह धरला होता. गोंड बायांनी, गोंड गावात, स्वतःच्या समाजाच्या भल्यासाठी. त्यांना कुणी परका नियम शिकवला नव्हता. ग्रामसभेला पिऊन येणारा माणूस सर्वसहमतीत काय बोलणार, हा त्यांचा साधा प्रश्न होता. म्हणून आदिवासींच्या नावानं मंडळाची अट सैल करा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की पेनाला वाहिलेला थेंब आणि नाक्यावरची बाटली यांत फरक करा. आदिवासी तो करतात. मंडळानंही तो करावा : पेनपूजेबद्दल एक अक्षर काढू नये, आणि मंडळात येऊ पाहणाऱ्या गोंड माणसाकडून तीच अपेक्षा करावी जी कुणब्याकडून, तेल्याकडून, बौद्धाकडून, तेलुगू कामगाराकडून करतो. त्याच्यासाठी अट खाली आणणं हा त्याचा अपमान आहे.

कामाच्या पाळ्यांचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के पटतो. कागद मिलमध्ये, खाणीत, रेल्वेत तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्यानं पहाटेच्या ध्यानाला कसं बसायचं? दुसऱ्या पाळीचा माणूस संध्याकाळच्या प्रार्थनेला कुठून येणार? वेळापत्रक शेतकरी गावाचं आहे, आणि बल्लारपूर शेतकरी गाव नाही. इथं मंडळानं बदलायलाच हवं. पाळीनुसार प्रार्थनेच्या दोन वेळा ठेवाव्यात, सुटीच्या दिवशी सगळ्यांनी एकत्र यावं, कामगार वस्तीत ध्यान पहाटेऐवजी पाळीवरून परतल्यावर व्हावं. महाराजांनी स्वतः केवढं बदललं! कीर्तनाच्या परंपरेत खंजिरी घेऊन उभे राहिले, ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत देवदर्शनाइतकीच जागा शौचखड्ड्याला, गोवंशाला, श्रमाला, स्त्रियांच्या उन्नतीला दिली, १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले. घड्याळ बदललं म्हणून ते रागावले नसते. पण वेळ बदलणं आणि नियम सोडणं या दोन गोष्टी एका वाक्यात जोडून मांडल्या जातात, आणि पहिलीच्या आडून दुसरी आत येते. तिथं सावध राहावं लागतं.

तरुण येत नाहीत, म्हणून दार रुंद करा, या मुद्द्याला मी फार वेळ देणार नाही. तरुण जिथं जातात ती ठिकाणं बघा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत पहाटे पाचपासून बसलेली मुलं बल्लारपुरात आहेत. पोलीस भरतीसाठी अंधारात धावणारी मुलं-मुली रोज दिसतात. कडक शिस्तीला तरुण घाबरत नाहीत. ज्या शिस्तीतून काही घडत नाही तिच्याकडे ते पाठ फिरवतात. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला नागपंचमीच्या दिवशी इंग्रजांविरुद्ध जो उठाव झाला, त्यात पुढं असलेली पोरं विशीच्या आतबाहेरची होती. आष्टी, यावली, बेनोडा इथंही तेच. महाराजांच्या भजनांनी ही गावं पेटवली असा सरकारचा संशय होता आणि त्याच महिन्यात त्यांना चंद्रपुरात अटक झाली. डिसेंबरपर्यंत ते नागपूर-रायपूरच्या तुरुंगात होते. त्या पोरांना कुणी सोयीचं काही देऊ केलं नव्हतं. त्यांच्याकडून सगळं मागितलं गेलं होतं. मंडळाला तरुण हवे असतील तर त्यांच्यापुढं काम ठेवावं : इरई आणि वर्धा नद्यांचे काठ, वॉर्डातला कचरा, ठेकेदारी कामगारांच्या मुलांची शिकवणी. काम खरं असेल तर टोपी घालायला लाज वाटणार नाही.

अटींच्या बाबतीत एक वेगळीच हालचालही मला दिसते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दारूची अट सैल व्हावी म्हणणारे आहेत, तसेच सर्वधर्म समभावाची अट गुपचूप मागं सारणारेही आहेत. प्रार्थनेत सगळ्या धर्मांना जागा आहे ती आवरती घ्यावी, मंडळानं एका धर्माच्या बाजूनं उभं राहावं, असा आग्रह कधी सणावाराच्या निमित्तानं, कधी निवडणुकीच्या तोंडावर होतो. मंचावर येऊन दोन तासांसाठी भगवी टोपी घालणारे पुढारी सगळ्याच पक्षांत आहेत. त्यांना मंडळाचे लोक हवे असतात, मंडळाचे नियम नको असतात. बल्लारपुरात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, बौद्ध आहेत, शीख आहेत. त्यांच्यातला कुणी प्रार्थनेच्या रांगेत बसला तर त्याला आपण पाहुणे आहोत असं वाटू नये, हीसुद्धा मंडळाची अटच आहे, आणि माझ्या मते ती दारूच्या अटीपेक्षा एक इंचही कमी नाही. जो सेवक दारू पीत नाही पण शेजारच्या मोहल्ल्याबद्दल विष ओकतो, तो मंडळाचा सेवक नाही. हे मंडळानं स्पष्ट म्हणायला हवं. अटी पाळायच्या त्या सगळ्या पाळायच्या.

ग्रामगीतेत संघटनशक्तीवर एक अध्याय आहे आणि आचारप्राबल्यावर एक. महाराजांनी संघटन आणि आचार कधी वेगळे काढले नाहीत. ज्या साधूंनी मठ बांधले, शिष्य गोळा केले आणि आचार सोडला, त्यांच्यावर त्यांनी भरपूर टीका केली आहे. १९५६ साली भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले तेव्हाही साधूंनी श्रम करावेत, गावासाठी राबावं, हीच त्यांची मागणी होती. आपल्याच मंडळाला त्यांनी यातून सूट दिली असती, असं मानायला कुठलाही आधार नाही.

मंडळात खरोखर काय बदलायला हवं असेल तर ते दुसरीकडे आहे. महिलोन्नतीचा अध्याय लिहिलेल्या माणसाच्या मंडळात आज किती ठिकाणी बाई सेवाधिकारी आहे? प्रार्थनेत बाया येतात, रांगोळी काढतात, स्वयंपाक करतात, चिमूर ते नागपूर पायी चालतात, आणि बैठकीत निर्णय पुरुष घेतात. उणीव आहे ती ही. नियम सैल केल्यानं ती भरून येणार नाही. प्रत्येक मंडळाच्या कार्यकारिणीत निम्म्या बाया असाव्यात, अशी नवी अट मंडळानं घालावी.

आणि ज्यांना खरंच वाटतं की अटी सैल व्हाव्यात, त्यांनी तसा ठराव मांडावा. तो ३० एप्रिलच्या ग्रामजयंतीच्या दिवशी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, सगळ्या बाया सतरंजीवर बसलेल्या असताना मोठ्यानं वाचून दाखवावा. गावातलं दुकान बंद करायचं की नाही हे ठरवायला कायद्यानं बायांना आडव्या बाटलीचं मत दिलं आहे. मंडळाच्या अटींवरही पहिलं मत त्यांचंच घ्यावं, आणि पुरुषांनी त्यानंतर हात वर करावेत.